पाचवं कलम

६ जानेवारी, शनिवार

बुधवारी विधानसभेचं अधिवेशन सुरू झालं. यंदा संपूर्ण गर्भपातबंदीचं विधेयक आणायचंच.

सर्वोच्च न्यायालयाने हा विषय राज्यांवर सोपवला, त्या दिवशी आम्ही सगळ्या सेंट वेन्सेस्लॉस चर्चच्या तळघरात एकमेकींच्या गळ्यात पडून रडलो होतो, आणि आता सगळं झालंच अशा थाटात खसखशीचे गोड पाव, कोलाचे, खाल्ले होते. कसलं झालं! आमच्याकडे बारा आठवड्यांपर्यंत गर्भपाताला अजून मुभा आहेच. राज्य जीवनहक्क संघाची अध्यक्ष म्हणून तू काय केलंस असं कोणी विचारलं, तर मला आधी हे बारा आठवडे आठवतात.

मैत्रीण फर्न सकाळीच लोकरीच्या मोज्यांचं खोकं घेऊन आली. राज्यभरातल्या बायका इवले इवले पायमोजे विणतात आणि मोर्चाच्या दिवशी प्रत्येक आमदाराच्या टेबलावर एकेक जोड जातो.

"त्या विद्यापीठ भागातल्या आमदारबाईलाही द्यायचे का?" फर्नने विचारलं. "गेल्या वर्षी तिने कुत्र्याला घातले म्हणे."

"मग यंदा चार वीण."

हसलो दोघी. माझा नवरा लेन गेल्यापासून या घरात हसायला फर्नच लागते.

२० जानेवारी, शनिवार

मोर्चा. हाडं गोठवणारी थंडी. तरी विधानभवनाच्या पायऱ्या भरल्या होत्या. नेहमीसारख्या सगळ्यात पुढे 'मला पश्चात्ताप आहे' असे काळे फलक घेतलेल्या बायका, ज्यांनी कधीतरी गर्भपात केला आणि आता उघडपणे बोलतात. मला त्यांचं फार कौतुक वाटतं. भाषण माझंच झालं. आवाज बसला.

लेक कोलेट आली नाही. दाताच्या दवाखान्यात सुट्टी मिळत नाही म्हणाली. शनिवारी कसला आलाय दवाखाना? पण मुलगी तेहतिशीची झाली, तिला किती टोकायचं. लहानपणी एकही मोर्चा चुकवला नाही तिने. आमच्या पत्रकावर टोपडं घातलेलं बाळ आहे ना, ते तीच. सतरा वर्षांच्या एका पोरीने, सगळे नको नको म्हणत असताना, तिला जन्म दिला आणि आमच्या हातात ठेवली. आम्हाला मूल नव्हतं. मी तिला कडेवर घेऊन आमदारांच्या दारोदार फिरले. "हिला बघा आणि मग मत द्या," म्हणायची. म्हातारे आमदार विरघळायचे.

लेन आधी मोर्चात संघाचा मोठा फलक धरायचा. मग कोलेट कॉलेजात असताना एका वर्षी म्हणाला, गुडघे गेले. त्यानंतर दरवर्षी तो मला राजधानीत सोडायचा आणि विधानभवनामागे पिकअपमध्ये हीटर लावून बसून राहायचा. मी चिडवायची, "मका काढताना बरे पळतात रे तुझे गुडघे!" तो टोपी डोळ्यांवर ओढायचा. घरी आल्यावर मलम चोळून द्यायची मी. त्या मलमाची नळी अजून पिकअपच्या खणात आहे, टाकवत नाही.

आज पिकअप मीच चालवत नेली.

२९ जानेवारी, सोमवार

ट्रेंट ओबरलँडर आला होता. याला मी चर्चच्या वर्गात हाताला धरून क्रूसाची खूण शिकवली. आता त्याची स्वतःची संघटना आहे, दाढी आहे, आणि चार आमदार त्याच्या खिशात आहेत. ते चार नसतील तर विधेयक पडतं. त्याची अट एकच. आजवर आम्ही शिक्षा फक्त डॉक्टरला ठेवत आलो. त्याला पाचवं कलम हवंय : गर्भपात करून घेणारी बाई आणि तिला मदत करणारा, तिला घेऊन जाणारा, दोघांनाही तुरुंग.

"बाईला नाही," मी म्हणाले. "बाईही बळीच असते, हे आमचं पहिल्यापासूनचं धोरण आहे."

"मिसेस कुचेरा, तुम्हीच शिकवलंत ना, की तो जीव आहे? मग जीव घेणाऱ्याला घरी पाठवायचं आणि सुरी विकणाऱ्याला पकडायचं? तुमचा स्वतःचा विश्वास आहे ना तुमच्या बोलण्यावर?"

माझीच शिकवण माझ्या तोंडावर मारून गेला पोरगा.

दुपारी वॉशिंग्टनहून संघाच्या राष्ट्रीय कार्यालयातल्या मेरेडिथचा फोन. गोड आवाजात, "बर्नाडेट, निवडणुकीचं वर्ष आहे. वरच्या उमेदवारांना अडचण होईल असं काही नको. यंदा जरा दमानं घ्या." म्हणजे आम्ही थंडीत उभं राहायचं, मोजे विणायचे, आणि यांना सोयीचं असेल तेव्हाच बाळं वाचवायची! फोन आपटला मी.

५ फेब्रुवारी, सोमवार

ट्रेंटला शब्द दिला. पाचवं कलम राहू दे.

लिहून ठेवते, म्हणजे नंतर स्वतःशी खोटं बोलायला नको : अर्धा निर्णय मेरेडिथच्या रागात घेतला. उरलेला अर्धा असा, की कलम कागदावरच राहील. आपल्या जिल्ह्यातला कुठला सरकारी वकील एखाद्या पोरीवर खटला भरणार आहे? आपल्याकडे सरकारी वकीलही निवडून येतात, पुढची निवडणूक लढवायची असते त्यांना. आणि बदल्यात किती जीव वाचतील.

फर्नला सांगितलं तर तिने सुया खाली ठेवल्या. "आणि भरला एखाद्याने खटला, तर?"

"नाही भरणार."

"मग लिहायचं कशाला?"

"फर्न, तू मोजे वीण."

बोलायला नको होतं असं. ती विणत राहिली, पण कोलाचे खाल्ले नाहीत.

८ फेब्रुवारी, गुरुवार

पुढच्या गुरुवारी समितीपुढे विधेयकाची सुनावणी. समर्थकांच्या यादीत कोलेटचं नाव नेहमीप्रमाणे तिसरं घातलं. दरवर्षी काय विचारायचं? वयाच्या सातव्या वर्षापासून साक्ष देते ती. कळवायला फोन केला तर आधी हवापाण्याचंच विचारत राहिली.

मग म्हणाली, "आई, ते पाचवं कलम खरंच ठेवलंय?"

"नाइलाज आहे गं."

"मागच्या गोष्टींनाही लागू होतं का?"

"छे! कायदा पुढचा असतो. तुला कशाला एवढी चौकशी?"

"आणि कोणी एखादीला घेऊन गेलं, दुसऱ्या राज्यात, समज डेन्व्हरला. नुसती गाडी चालवली. तरी?"

"तो तर आधी आत जायला हवा," मी म्हणाले. "पोरगी घाबरलेली असते. नेणाऱ्याला तर कळत असतं ना!"

ती म्हणाली, बरं. येते म्हणाली. वकिलांना सुचणार नाहीत असे प्रश्न, पोरीने अभ्यास केलेला दिसतो.

डेन्व्हरवरून आठवलं. ती कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असताना लेन आणि ती एकदा डेन्व्हरला बर्फात अडकले होते. कसलंसं शेतीच्या यंत्रांचं प्रदर्शन बघायला बापलेक गेले, ते तीन दिवसांनी परतले. येताना हिला फ्लू. आठवडाभर कोचावर भिंतीकडे तोंड करून पडून होती. मी नूडल्सचं सूप करकरून पाजलं. लेन सारखा तिच्या पायाशी बसलेला. असा बाप बघायला मिळत नाही.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

कोट न काढताच लिहायला बसले.

खोली गच्च भरली होती. काल राखेचा बुधवार, उपासाच्या काळाचा पहिला दिवस, झाला, काहींच्या कपाळावर अजून पुसट राख. समितीत अध्यक्षांशेजारी एमिल व्हावरा. एमिल लेनचा लहानपणचा मित्र, आणि आमदारांच्या मतदानाला गुण देणाऱ्या आमच्या गुणपत्रकात आजवर एकदाही शंभराखाली न आलेला एकमेव आमदार. चौकटीत लावतो तो आमचं गुणपत्रक.

आमच्याकडे आधी समर्थक, मग विरोधक, शेवटी तटस्थ. मी बोलले, ट्रेंट बोलला. तिसरं नाव कोलेटचं. कोलेट उठली नाही. मागच्या रांगेत मांडीवर कोट घेऊन बसून राहिली. ट्रेंटने माझ्याकडे पाहिलं. मी खूण केली, हिने नाही म्हणून मान हलवली. पोटात दुखत असेल म्हटलं. विरोधक संपले. अध्यक्ष म्हणाले, "तटस्थ कोणी?" या वेळी सहसा कोणी नसतंच, लोक कोट घालायला लागतात.

कोलेट पुढे जाऊन बसली. आपलं नाव सांगितलं, नोंदीसाठी एकेक अक्षर सावकाश सांगितलं, मी सातव्या वर्षी शिकवलं होतं अगदी तसंच.

"तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी मला कडेवर घेतलंय," ती म्हणाली. "पत्रकावरचं बाळ मी. एका मुलीने मला जन्म दिला आणि या माझ्या आईने मला वाढवलं म्हणून मी आहे. ते खरं आहे आणि मी ते नाकारायला आलेली नाही. एकोणिसाव्या वर्षी मी गर्भपात करून घेतला. माझ्यावर माया असलेलं एक माणूस मला घेऊन गेलं, बाहेर थांबलं, आणि परत घेऊन आलं. तुमच्या पाचव्या कलमात मी आहे आणि ते माणूसही आहे. मला समर्थकांत बसता आलं नाही. विरोधकांतही बसता येईना. म्हणून इथे बसले. एवढंच."

एमिलने चष्मा काढला आणि पुसत बसला. माझ्या हातात मोज्यांचा एक उरलेला जोड होता. फर्नने तो काढून घेतला आणि माझा हात धरला.

बाहेर येईपर्यंत कोलेट निघून गेलेली.

१८ फेब्रुवारी, रविवार

चर्चमध्ये मिस्साला गेले. लोक सरकून बसतात की मलाच तसं वाटतं, कळत नाही.

रडून झालं. चौदा वर्षं. आठवड्याच्या आठवड्याला फोनवर माझ्याशी बोलायची ही, आणि मी तिला मोर्चाच्या तारखा सांगायची. माझं नातवंड असतं ते. तेरा वर्षांचं असतं. देवा, हे मी कुठे ठेवू?

आणि तिच्यावर रागही धरता येत नाही. घाबरलेली पोर. राग येतो तो त्या माणसाचा. म्हणे माया! कोण होता तो? कॉलेजातला पोरगा? कुठली शहाणी मैत्रीण? लेन असता तर त्याने शोधून काढलं असतं आणि मानगूट धरून दारात आणलं असतं. बरं झालं त्याला हे ऐकावं लागलं नाही.

फोन केला. उचलला नाही.

१२ मार्च, मंगळवार

आज मतदान. आमच्याकडे बाहेरच्यांना सभागृहात जाता येत नाही. घुमटाखाली उभं राहायचं, चिठ्ठी आत पाठवायची, आमदार बाहेर येतो. मी एमिलच्या नावाची चिठ्ठी पाठवली.

तो आला. "बोल बर्नी. तुझ्या शब्दावर चालतोय मी. पाचवं कलम ठेवू की काढू?"

"बाईचा भाग काढ," मी म्हणाले. "नेणाऱ्याचा ठेव. त्या माणसाला सोडू नको."

एमिल माझ्याकडे विचित्र नजरेने बघत राहिला. "दोन्ही एकाच वाक्यात आहेत. काढायचं तर अख्खं." मग हळूच म्हणाला, "आणि त्या माणसाला तू नको शोधूस गं."

"का?"

"नको, एवढंच."

समोरच्या भिंतीजवळ ट्रेंट उभा होता. शब्द दिला होता मी त्याला. सगळी बाळं डोळ्यांपुढे आली, जन्मलेली आणि न जन्मलेली. मग कोट मांडीवर घेऊन बसलेली कोलेट आली.

"काढ," मी म्हणाले.

एमिलने कलम काढायचा प्रस्ताव मांडला, तो मंजूर झाला. मग ट्रेंटच्या चारही जणांनी विधेयकाविरुद्ध मत दिलं. पडलं. त्यांच्यामागून आणखीही काही फिरले; थोडक्यात नाही, चांगलंच पडलं. पलीकडच्या, विरोधातल्या बायका टाळ्या पिटत होत्या.

ट्रेंट माझ्याजवळ येऊन म्हणाला, "एका मुलीसाठी, मिसेस कुचेरा? आता दर आठवड्याला जी बाळं जातील ती तुमच्या नावावर." ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

मी फर्नला सांगितलं, हे धोरण म्हणून केलं. बाई बळी असते, हे आपण पहिल्यापासून म्हणतोय. फर्न म्हणाली, "हो गं." माझा स्वतःचाही पुरता विश्वास बसला नाही.

२३ मार्च, शनिवार

संघाच्या मंडळाने राजीनामा मागितला, दिला. ट्रेंट नवा अध्यक्ष. निरोपाला केक होता, त्याच्यावर माझं नाव चुकीचं.

प्लॅट नदीवर करकोचे उतरलेत. लेन आणि मी दरवर्षी पिकअपमध्ये बसून बघायचो. एकटीने जावंसं वाटेना.

१४ मे, मंगळवार

एमिल प्राथमिक निवडणुकीत, पहिल्या फेरीतच, पडला. संघाने, माझ्याच संघाने, यंदाच्या गुणपत्रकात त्याला चाळीस दिले आणि घरोघर पत्रं टाकली. आमदारांना गुण द्यायची ही पद्धत मीच आणली होती.

भेटायला गेले. ओसरीत बसून बिअर पीत होता. "लेनची गुरं आता माझ्याकडे पाठवायला हरकत नाही," म्हणाला, "मला वेळच वेळ आहे." ती गुरं केव्हाच विकली हे त्यालाही माहीत आहे. भिंतीवरच्या चौकटी मात्र काढल्या नव्हत्या.

२४ मे, शुक्रवार

कोलेटचा फोन आला! सोमवारी, मेमोरियल डेला, कबरींवर फुलं वाहायच्या दिवशी, बाबांच्या कबरीवर येते म्हणाली. मी इतकी हरखले की फोन ठेवायचा राहिला.

रात्रंदिवस विचार करत होते, तिच्याकडे परत जायची वाट कुठली? सापडली. गॅरेजमध्ये कोरी काळी फळी होती. आज दुपारभर बसून पांढऱ्या रंगाने लिहिलं : 'मला पश्चात्ताप आहे.' अक्षर सुरेख आलंय. जानेवारीत आम्ही दोघी सगळ्यात पुढे चालू. मी आता अध्यक्ष नाही, मला कोण अडवणार? लोक बघतील, की आई लेकीला टाकत नाही.

२७ मे, सोमवार

अंगणातली पिओनीची फुलं कॉफीच्या डब्यात घालून नेली. कोलेट आधीच येऊन कबरीवरचं गवत उपटत होती. पोर वाळलीय. मी मिठी मारली, तिनेही मारली. खूप वेळ सोडली नाही.

मग मी पिकअपमधून फळी आणून दाखवली.

तिने वाचली. पुन्हा वाचली. "आई," म्हणाली, "मला काय वाटतं ते माझं मला माहीत आहे. काही दिवस फार वाटतं. काही दिवस नाही वाटत. ते मला काठीला लावून फिरवायचं नाहीये."

"फिरवायचं कोण म्हणतंय? तू माझ्या शेजारी चालायचंस, एवढंच हवंय मला."

"जन्मल्यापासून मी तुझ्या कुठल्या ना कुठल्या फलकावरच आहे गं."

मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मी भांडते. म्हणाले, "ठीक आहे, नको चालूस. पण त्या माणसाचं नाव तरी सांग. तुझ्या बापाच्या कबरीपुढे विचारते. मी काही करणार नाही त्याला."

ती खाली बसली. डबा दगडाच्या मधोमध सरकवला, फुलं नीट केली. बराच वेळ लेनच्या नावावरची माती बोटाने काढत राहिली.

"मोर्चाच्या दिवशी बाबा गाडीत बसून राहायचे," ती म्हणाली.

"गुडघे गेले होते ना त्याचे."

"आई." इतक्या हळू म्हणाली ती, जसं आजारी माणसाला उठवतात. "त्यांचे गुडघे ठणठणीत होते."

नंतर ती गेली. जाताना म्हणाली, रविवारी फोन करीन. करेलही.

मी पिकअपमध्ये येऊन बसले. खणातली नळी काढली. दर जानेवारीत, मोर्चाहून परत आल्यावर, मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून त्याच्या गुडघ्यांना मलम चोळायची आणि दिवसभरात काय काय झालं ते सांगायची, कोण बोललं, कोण रडलं, कुठली बाई फलक घेऊन पुढे आली. तो ऐकत राहायचा. मग माझ्या डोक्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचा, "पुरे बर्नी. आता बरं वाटतंय."